हमी कुठपर्यंत?

८ ऑगस्ट १९९३ रोजी स्टॉकहोममध्ये जलोत्सव चालू होता. काठावर तोबा गर्दी होती आणि डोक्यावर स्वीडनचे नवे ‘ग्रिपेन’ लढाऊ विमान कसरती करत होते. एका वळणातून बाहेर पडताना विमान डोलू लागले, वैमानिकाने सावरण्यासाठी कंट्रोल स्टिक झपाट्याने इकडून तिकडे हलवली आणि काही क्षणांत विमान हाताबाहेर गेले. वैमानिक आसनासकट बाहेर पडला आणि वाचला. विमान लाँगहोल्मेन बेटावर कोसळले, पण सुदैवाने गर्दीतल्या कोणाचा जीव गेला नाही. याच विमानाचा पहिला नमुना १९८९ च्या फेब्रुवारीत उतरताना असाच आपटला होता. १९९३ च्या अपघाताच्या मुळाशी एक मर्यादा होती. विमानाला वळवणाऱ्या झडपांसारख्या पृष्ठभागांना हलण्याचा एक कमाल वेग असतो. वैमानिक आणि संगणक यांनी मिळून त्याहून जास्त वेग मागितला, झडपा मागे पडल्या आणि विमानाला आवरणारी व्यवस्थाच त्याला आणखी डोलवू लागली. ग्रिपेन मुद्दाम अस्थिर बांधलेले आहे. आपले तेजसही तसेच आहे, कारण अस्थिर विमान चपळ असते आणि संगणक त्याला क्षणोक्षणी सावरत राहतो. सावरण्याचे गणित कागदावर चोख होते, पण ते किती दूरपर्यंत चोख राहील हा प्रश्न उरला होता.

हा प्रश्न समजून घ्यायला विमान लागत नाही, एक समीकरण पुरते. समतोलापासून आपण किती ढळलो आहोत ते सांगणाऱ्या संख्येला क्ष म्हणू. व्यवस्था अस्थिर आहे, म्हणजे जितके ढळाल तितक्याच वेगाने आणखी ढळत जाल. तिला आवरायला आपल्या हाती एक जोर आहे. तेव्हा क्ष बदलण्याचा वेग झाला ‘क्ष अधिक जोर’. नियंत्रणाचा नियम साधा ठेवू: ढळण्याच्या दुप्पट जोर उलट दिशेने लावायचा. बेरीज केली की वेग येतो उणे क्ष, आणि कुठूनही सुरुवात केली तरी क्ष शून्याकडे येतो. आता एकच वास्तव या कागदावर आणू. आपले यंत्र कोणत्याही दिशेने १ पेक्षा जास्त जोर लावू शकत नाही. क्ष ०.९ असताना नियम १.८ जोर मागतो, यंत्र १ देते, वेग उणे ०.१ येतो आणि क्ष हळूहळू परत फिरतो. क्ष १.१ असताना नियम २.२ मागतो, यंत्र तेवढेच १ देते, पण आता वेग अधिक ०.१ आहे. क्ष वाढतो, वाढला म्हणून आणखी वेगाने वाढतो आणि पुन्हा कधीच हाती लागत नाही. नियम तोच, यंत्र तेच, तरी ०.९ तरतो आणि १.१ बुडतो. मधली १ ही हद्द नियमाच्या हुशारीने सरकवता येत नाही, कारण तिच्यापलीकडे लागणारा जोर यंत्राकडे नाहीच.

अरेषीय नियंत्रणशास्त्र हे माझ्या मते या हद्दीचे शास्त्र आहे. एखादे यंत्र, वीजजाळे, रोबोट किंवा विमान आपण सांगू तसे वागेल अशी हमी अभियंता देतो. ती हमी कुठून कुठपर्यंत लागू आहे हेही त्याला सांगता आले पाहिजे, आणि ते सांगण्याची भाषा गणिताचीच आहे. म्हणून हा विषय शिकताना गणित बाजूला ठेवून फक्त सूत्रे आणि सॉफ्टवेअर उचलण्याचा जो मोह होतो, तो मला घातक वाटतो. तसे शिकणाऱ्याला हमी देता येते, हद्द सांगता येत नाही.

इलेक्ट्रिकल किंवा इन्स्ट्रुमेंटेशनच्या पदवीला ‘कंट्रोल सिस्टिम्स’ नावाचा पेपर असतो. त्यात लाप्लास रूपांतर, राउथचा तक्ता, बोडेचे आलेख असा सगळा ऐवज येतो, आणि तो जवळपास सगळा रेषीय व्यवस्थांचा असतो. एखादे कारण दुप्पट केले की परिणाम दुप्पट, दोन कारणे एकत्र आली की परिणामांची बेरीज, असे जिथे घडते ती व्यवस्था रेषीय, आणि घडत नाही ती अरेषीय. या एका गुणामुळे रेषीय व्यवस्थेचे सगळे भवितव्य काही मोजक्या संख्यांत मावते. जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६८ मध्ये वाफेच्या इंजिनाच्या गव्हर्नरवर निबंध लिहिला, तेव्हा त्यानेही समतोलाजवळच्या लहान हालचालींपुरते समीकरण सरळ करून घेतले होते. ही युक्ती अत्यंत फलदायी ठरली. वक्र रस्ता पायाखाली सपाटच दिसतो, आणि पाऊल लहान असेल तर तो सपाट आहे असे धरून चालल्याने सहसा बिघडत नाही. मात्र पायाखालच्या सपाटीवरून पुढचा उतार कळत नाही, आणि कधीकधी तर पायाखालचेही काही कळत नाही.

त्याचे सर्वांत लहान उदाहरण पाहण्यासारखे आहे. क्ष बदलण्याचा वेग ‘उणे क्षचा घन’ आहे असे समजा. दुसरी व्यवस्था अशी की वेग ‘अधिक क्षचा घन’ आहे. शून्याजवळ घन इतका लहान असतो की सरळ करण्याच्या पद्धतीत तो गळून पडतो आणि दोन्ही व्यवस्थांसाठी एकच उत्तर येते: वेग शून्य, काहीच सांगता येत नाही. प्रत्यक्षात पहिली व्यवस्था शून्याकडे येते, पण सावकाश. १ पासून निघाली तर शंभराव्या भागापर्यंत पोहोचायला तिला जवळपास ५,००० सेकंद लागतात. रेषीय व्यवस्था, जिचा वेग उणे क्ष आहे, तीच मजल ५ सेकंदांच्या आत मारते. दुसरी व्यवस्था १ पासून निघाली तर अर्ध्या सेकंदात अनंताला जाऊन भिडते. अर्ध्या सेकंदानंतर तिचे उत्तरच अस्तित्वात नसते. एकीला जन्मभर पाहत बसावे लागते आणि दुसरी डोळ्याची पापणी लवेपर्यंत संपते, तरी रेषीय भिंगाला दोघी सारख्याच दिसतात. अवकल समीकरणांच्या पुस्तकात सुरुवातीलाच उत्तर अस्तित्वात आहे का, एकच आहे का, किती काळ टिकते, अशी प्रमेये येतात. ती पाने उलटून पुढे जाण्याची घाई अनेकांना होते. ही दुसरी व्यवस्था एकदा हाताने सोडवली की ती पाने कशासाठी आहेत ते कळते.

या दोन समीकरणांची उत्तरे काढता येतात, म्हणून खरे काय ते तपासता आले. खऱ्या यंत्रांची समीकरणे बहुधा सुटत नाहीत. मग हमी कशी द्यायची? याचे उत्तर १८९२ मध्ये अलेक्झांडर ल्यापुनोव्ह या रशियन गणितज्ञाने दिले. तो तेव्हा खारकोव्हला शिकवत होता आणि गतीच्या स्थिरतेचा सर्वसाधारण प्रश्न हा त्याच्या प्रबंधाचा विषय होता. त्याची कल्पना वाटीत सोडलेल्या गोटीवरून समजते. गोटी कोणत्या वाटेने घरंगळेल, किती फेऱ्या घेईल हे सांगणे कठीण. पण तिची ऊर्जा प्रत्येक क्षणी घर्षणात खर्च होते आणि ऊर्जा सर्वांत कमी फक्त तळाशी आहे, एवढे कळले तरी ती शेवटी तळाशी बसणार हे ठरते. वाट न कळता मुक्काम कळतो. ल्यापुनोव्हने यातली ऊर्जाही काढून टाकली. तळाशी शून्य, बाकी सगळीकडे धन आणि व्यवस्था चालत असताना सतत घटणारी अशी कोणतीही राशी चालेल, तिला भौतिक अर्थ असलाच पाहिजे असे नाही. ती घटते की नाही हे तपासायला समीकरण सोडवावे लागत नाही. राशी कोणत्या दिशेने किती चढते ते काढायचे, व्यवस्था कोणत्या दिशेने जाते ते समीकरणातच लिहिलेले असते, आणि दोन्हींचा गुणाकार उणे येतो का ते पाहायचे. ‘उणे क्षचा घन’साठी क्षचा वर्ग ही राशी घ्या. तिच्या बदलाचा वेग येतो उणे दोन गुणिले क्षचा चौथा घात, जो शून्य सोडून सर्वत्र ऋण आहे. रेषीय पद्धत जिथे गप्प बसली, तिथे एका ओळीत निकाल लागला.

शिकणाऱ्याने इथे थांबून पाहावे असे आणखी काही आहे. वाटीला काठ असतो. गोटी काठाच्या आत सोडली तरच तळाशी येते, बाहेर सोडली तर जमिनीवर. ल्यापुनोव्हची राशी जिथपर्यंत घटत राहते तिथवरची तिची एखादी समपातळी रेषा आखली, की तो हमीचा काठ झाला: या रेषेच्या आत सुरुवात करा, परत याल. हमी आणि हद्द दोन्ही एकाच हिशेबातून निघतात. ल्यापुनोव्ह हे आकाशस्थ गोल आणि फिरणारे द्रव यांच्या विचारातून शोधत होता, यंत्रांसाठी नव्हे. सोव्हिएत अभियंत्यांनी हे गणित यंत्रांच्या नियंत्रणाला लावले, १९४४ मध्ये लुर्ये आणि पोस्तनिकोव्ह यांनी अरेषीय भाग असलेल्या नियंत्रकाचा प्रश्न मांडला, आणि १९६० मध्ये कालमान आणि बर्ट्रम यांच्या लेखांनी ते अमेरिकी अभियंत्यांपर्यंत नीट पोहोचले. कल्पना सुचल्यापासून ती कारखान्यात रुळेपर्यंत माणसाचे आयुष्य सरले. पाठ्यपुस्तकातले एक प्रकरण म्हणून ती आज आपल्याला आयती मिळते.

गणिताच्या या आग्रहाला पहिला आक्षेप येतो तो कारखान्यातून. साखर कारखान्यापासून तेलशुद्धीपर्यंत बहुतेक ठिकाणी पीआयडी नावाचा साधा, रेषीय नियंत्रक चालतो आणि छान चालतो. मग एवढा खटाटोप कशाला? आक्षेपातली वस्तुस्थिती खरी आहे. पण पीआयडी रेषीय असला तरी त्याच्या पुढचा व्हॉल्व्ह रेषीय नसतो. व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की आणखी उघडत नाही. नियंत्रकातला ‘आय’ हा भाग मात्र राहिलेली चूक साठवत जातो, आणि तापमान हवे तिथे पोहोचल्यावरही साठलेला हिशेब फिटेपर्यंत व्हॉल्व्ह उघडाच राहतो. याला ‘वाइंडअप’ म्हणतात. तो टाळण्यासाठी व्यवहारातल्या नियंत्रकांत वेगळी तजवीज करून ठेवलेली असते. म्हणजे जिथे रेषीय शास्त्र पुरते असे आपण म्हणतो, तिथेही कोणी तरी हद्दीचा विचार आधीच करून ठेवला आहे. शिवाय समतोलाजवळ सरळ केलेली व्यवस्था समतोलाकडे परत येत असेल तर मूळ व्यवस्थाही त्याच्या जवळपास स्थिरच असते, हे प्रमेयही ल्यापुनोव्हच्या प्रबंधातलेच आहे. रेषीय पद्धतीला परवाना अरेषीय गणिताने दिला आहे, आणि त्या परवान्यावर ‘जवळपास’ हा शब्द लिहिलेला आहे.

दुसरा आक्षेप आजच्या पिढीचा आहे: संगणकावर हजारो वेळा चालवून पाहू, प्रमेय हवे कशाला? सिम्युलेशन हे मोलाचे साधन आहे, विशेषतः चूक दाखवून देण्यासाठी. पण ते एका सुरुवातीची एक कथा सांगते. व्यवस्थेत सहा राशी असतील आणि प्रत्येकीच्या दहाच किमती घेतल्या तरी १० लाख सुरुवाती होतात. बारा राशी असतील तर एक लाख कोटी. आणि जाळीच्या दोन गाठींमध्ये काय घडते ते तरीही तपासायचे राहतेच. अंदाज किती फसवतो याचा दाखला इतिहासात आहे. १९४९ मध्ये ऐझरमनने एक सरळ वाटणारे अनुमान मांडले. एखाद्या व्यवस्थेत एका पट्ट्यातला कोणताही रेषीय भाग बसवला तरी ती स्थिर राहत असेल, तर त्या पट्ट्यात मावणारा अरेषीय भाग बसवल्यावरही ती स्थिर राहावी. कालमानने १९५७ मध्ये आणखी कडक अटी घालून असेच अनुमान केले. दोन्ही अनुमाने पुढे खोटी ठरली. कसलेल्या माणसांची शहाणी अटकळ होती, तरी ती चुकली. १९६१ मध्ये रुमानियाच्या पोपोव्हने या प्रश्नावर जो निकष दिला तो मात्र टिकला, कारण तो सिद्ध केलेला होता. संगणकाने नियंत्रक स्वतः शिकण्याच्या नव्या पद्धतींनाही हेच लागू होते. न्यूरल नेटवर्कने दिलेला नियम हाही एक अरेषीय नियमच आहे, आणि त्याचा काठ कुठे आहे हा प्रश्न त्याच्यामुळे अधिक निकडीचा होतो.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. ल्यापुनोव्ह म्हणतो, घटणारी राशी शोधा. पण ती शोधायची कशी हे तो सांगत नाही. मिळाली तर हमी, न मिळाली तर व्यवस्था अस्थिर आहे की आपण कमी पडलो तेही कळत नाही. ही अडचण खरी आहे आणि ती लपवू नये. व्यवस्था खरोखर स्थिर असेल तर व्यापक अटींखाली अशी राशी असतेच, असे उलट दिशेचे प्रमेय आहे. पण असते म्हणजे सापडते असे नाही. तरी वाटा निघाल्या आहेत. यांत्रिक व्यवस्थेत ऊर्जेपासून सुरुवात करता येते. काही प्रकारच्या व्यवस्थांत राशी एकेक पायरीने रचत जाण्याची ‘बॅकस्टेपिंग’ नावाची रीत १९९० च्या दशकात रुळली. पाब्लो पारिलो यांनी २००० मध्ये कॅलटेकच्या प्रबंधात दाखवले, की राशी वर्गांच्या बेरजेच्या रूपात मागितली तर संगणक ती शोधू शकतो. इथे संगणकाला काय शोधायचे ते गणिताने सांगितले आहे, आणि संगणकाचा खरा उपयोग मला तिथे दिसतो.

हे गणित हद्दी दाखवते तसे नव्या वाटाही दाखवते, आणि ही बाजू विद्यार्थ्यांपर्यंत क्वचितच पोहोचते. विजेवर चालणारी, जागच्या जागी वळू शकणारी चाकांची खुर्ची घ्या. ती पुढे-मागे जाते, वळते, पण बाजूला सरकत नाही. ती उभी आहे त्या जागी समीकरण सरळ केले तर उत्तर येते, की बाजूला जाणे नियंत्रणाबाहेर आहे. आता १ मीटर पुढे जा, सुमारे ६ अंश डावीकडे वळा, १ मीटर मागे या, तेवढेच उजवीकडे वळा. तोंड होते तिकडेच आहे, पण खुर्ची सुमारे १० सेंटिमीटर बाजूला आली आहे. अंतर आणि वळण दोन्ही दहाव्या भागावर आणली तर ती १ मिलिमीटरच सरकते, म्हणजे शंभरावा भाग. हा वर्गाने घटणारा परिणाम रेषीय हिशेबातून नेमका गळतो. ‘आधी पुढे, मग वळण’ आणि ‘आधी वळण, मग पुढे’ यांच्यातला फरक मोजणाऱ्या क्रियेला नॉर्वेच्या सोफुस ली यांच्या नावावरून ‘ली ब्रॅकेट’ म्हणतात. दोन गाड्यांमधल्या चिंचोळ्या जागेत गाडी लावणारा प्रत्येक चालक मागे-पुढे करून याच फरकावर जगतो. या गणिताने १९८३ मध्ये रॉजर ब्रॉकेटच्या हातून एक ठाम नकारही दिला: फक्त सध्याची स्थिती पाहून, कुठेही उडी न घेता जोर ठरवणारा एकही नियम अशा खुर्चीला हव्या त्या जागी स्थिर बसवू शकत नाही. काळानुसार बदलणारा किंवा मध्येच उडी घेणारा नियमच लागतो. असा नकार वेळेवर कळला तर अशक्य गोष्टीमागे घालवायची वर्षे वाचतात.

गणिताच्या धसक्याने चांगले विद्यार्थी या विषयाकडे फिरकत नाहीत, असे शिक्षक म्हणतात. माझ्या मते धसका गणिताचा कमी आणि क्रमाचा जास्त आहे. प्रमेय आधी आणि गरज नंतर आली की कोणतेही गणित कोरडे लागते. रेषीय बीजगणित आणि अवकल समीकरणे हाताशी असतील तर पुढची वाट अवघड नाही. आधी कागदावर दोन राशींच्या व्यवस्थांची चित्रे काढायची. स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ यांचे ‘नॉनलिनियर डायनॅमिक्स अँड केऑस’ त्यासाठी फार चांगले. मग घर्षण असलेला लंबक ल्यापुनोव्हच्या रीतीने सोडवायचा. तिथे लगेच अडचण येते: झोक्याच्या टोकाला वेग शून्य असतो, म्हणून त्या क्षणी ऊर्जा घटत नाही, आणि ‘सतत घटणारी’ ही अट मोडते. पण लंबक टोकाला थांबू शकत नाही, गुरुत्व त्याला ओढतेच. म्हणून निष्कर्ष टिकतो. हा युक्तिवाद बार्बाशिन, क्रासोव्हस्की आणि लासाल यांच्या नावे प्रमेय होऊन बसला आहे. अडचण आधी भोगलेल्याला तो पाठ करावा लागत नाही. त्यानंतर स्लोटिन आणि ली (हे ली वेगळे) यांचे पुस्तक, मग हसन खलील यांचे ‘नॉनलिनियर सिस्टिम्स’. सिद्धतेची गोडी लागली की मथुकुमल्ली विद्यासागर यांचे ‘नॉनलिनियर सिस्टिम्स अ‍ॅनालिसिस’. १९७८ मध्ये प्रथम आलेले हे पुस्तक एका भारतीय गणिती अभियंत्याचे आहे. ली ब्रॅकेटची भूमिती त्याहीनंतर. पवईच्या आयआयटीत नियंत्रणशास्त्राचे स्वतंत्र शिक्षण मिळते आणि एनपीटीईएल या शैक्षणिक संकेतस्थळावर त्याची व्याख्याने विनामूल्य आहेत. साधनांची वानवा नाही.

हवी ती एक सवय. पुस्तकातल्या प्रत्येक प्रमेयाच्या सुरुवातीला अटी असतात: फलन सलग असावे, सुरुवात अमुक प्रदेशात असावी, जोर अमुक मर्यादेत असावा. परीक्षेच्या घाईत त्या वाचल्या जात नाहीत. अभियंत्याच्या हाती यंत्र आले की त्या अटींचे रूप बदलते. अट कधी झडपेचा कमाल वेग होते, कधी व्हॉल्व्हचे शेवटचे टोक, कधी क्ष बरोबर १. म्हणून विद्यार्थ्याने प्रमेय वाचताना त्याच्या खाली स्वतःच्या शब्दांत लिहावे, की ही अट काढली तर काय मोडते, आणि ती मोडणारे एक छोटे उदाहरण हाताने सोडवून ठेवावे. ०.९ आणि १.१ ची आकडेमोड करायला दहा मिनिटे लागत नाहीत. ती ज्याने केली आहे, तो आपल्या यंत्राची हमी लिहिताना पेन खाली ठेवण्याआधी विचारेल, की इथे १ कुठे आहे.